‘स्वच्छ’ आवाज आणि दौंडचा गोंगाट

संगणकावर रेल्वेगाडी चालवण्याचा एक खेळ आहे. ‘खेळ’ हा शब्द त्याला थोडा अपुराच पडतो, कारण त्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. पडद्यावर इंजिनाची कॅब दिसते, हाताशी थ्रॉटल आणि ब्रेक असतात, समोर सिग्नल असतात, आणि ठरलेल्या वेळात गाडी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर न्यायची असते. ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ने (२००१) हा छंद घरगुती संगणकावर रुजवला. पुढे ‘ओपन रेल्स’सारखी मुक्त प्रणाली आली आणि ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’मुळे तो मोबाइलवरही पोचला. या सिम्युलेटरांसाठी लागणारे पुष्कळसे मार्ग, डबे, इंजिने आणि आवाज हौशी मंडळींनी फावल्या वेळात तयार केलेले असतात. त्यासाठी त्यांना ना मोबदला मिळतो ना विद्यापीठीय मान्यता. या मंडळींची एक मागणी मात्र जगभर सारखीच आढळते. ती म्हणजे गाडीच्या ‘स्वच्छ’ आवाजाची.

वरवर पाहता ही तांत्रिक मागणी आहे, तिच्याशी साहित्याच्या अभ्यासकाचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. मला मात्र वाटते की आपल्या व्यवसायातला एक जुना प्रश्न येथे वेगळ्या वेषात उभा आहे. मूळ कोणते आणि भेसळ कोणती, काय ठेवायचे आणि काय गाळायचे, आणि गाळलेल्याचे पुढे काय करायचे, हे प्रश्न संहिता संपादित करणाऱ्याला पडतात तसेच ते हातात ध्वनिमुद्रक घेऊन फलाटावर उभ्या असलेल्या मुलालाही पडतात. त्याने दिलेले उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे आपण सगळ्यांनीच दुर्लक्ष केले आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘स्वच्छ’ म्हणजे काय?

प्रथम मागणीचा अर्थ नीट समजून घेऊ. सिम्युलेटरमध्ये गाडीचा आवाज सलग ध्वनिमुद्रण म्हणून वाजत नाही. तो सुट्या तुकड्यांतून क्षणोक्षणी रचला जातो. मोटारींची गुणगुण, हवेच्या कॉम्प्रेसरची धडधड, ब्रेक सुटताना होणारा फुस्कार, वळणावर चाकाची कड रुळाला घासून उठणारी किंकाळी, दारे मिटण्याची सूचना, हे सारे वेगवेगळे तुकडे असतात. त्यांतले काही तुकडे चक्राकार फिरत राहतात आणि वेग वाढेल तशी त्यांची पट्टी चढवली जाते. हॉर्नचेही तीन भाग करावे लागतात: उठाव, टिकलेला सूर आणि शेवट. खेळणारा बटण किती वेळ दाबून ठेवील हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून मधला भाग हवा तितका लांबवता यावा लागतो.

आता अशा चक्राकार तुकड्यात कोणी एकदा खोकले, तर ते खोकणे दर चार सेकंदांनी ऐकू येईल. फलाटावरच्या विक्रेत्याची एक हाक शिरली, तर तो विक्रेता दौंडपासून मनमाडपर्यंत ताशी शंभर किलोमीटर वेगाने गाडीबरोबर धावत राहील. तेव्हा स्वच्छतेचा आग्रह हा सोवळेपणा नाही. तुकडा पुन्हा पुन्हा वापरता यावा, एवढीच त्यामागची गरज आहे. ‘स्वच्छ’ आवाज म्हणजे ज्यात गाडीखेरीज दुसरे काहीही नाही असा, कोणत्याही प्रसंगात बसवता येईल असा आवाज. व्याकरणात धातूला जे स्थान आहे, तेच येथे त्याला आहे. धातू कोणी बोलत नाही, पण त्याच्यावाचून क्रियापदाचे एकही रूप सिद्ध होत नाही.

या दृष्टीने भुयारी रेल्वे ही आदर्श प्रयोगशाळा वाटावी. तेथे वारा नाही, पाऊस नाही, पाखरे नाहीत. भारतात ही सोय १९८४ मध्ये कोलकात्यात प्रथम झाली. पुणेकरांना जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा संपूर्ण भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला. पहाटेच्या रिकाम्या डब्यात बसले तर उद्घोषणा तेवढ्या टाळायच्या राहतात. परंतु येथेच एक गंमत होते. बोगद्यात गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि ध्वनिमुद्रकात जे उतरते त्यात गाडी किती व बोगदा किती हे सांगता येत नाही. पिंपरीकडून येणारी गाडी शिवाजीनगरच्या अलीकडे जमिनीखाली शिरते. मोटारी त्याच, चाके तीच, तरी आवाज पालटतो. म्हणजे ज्या जागी सगळी ‘भेसळ’ दूर ठेवता आली असे वाटले, तेथे जागाच आवाजात मिसळून बसली आहे. जागेविना आवाज नसतो, हे भुयारात जितके स्पष्ट कळते तितके उघड्यावर कळत नाही.

दौंड

उघड्यावरचे उदाहरण म्हणून दौंड घेऊ. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे जंक्शन. येथून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला. बारामतीचा फाटा वेगळा, आणि तो दीर्घकाळ अरुंद रुळांचा होता. वाफेच्या इंजिनांची मोठी शेड दौंडला होती. गावाची दिवसाची घडी रेल्वेच्या पाळ्यांवर बसलेली. इंग्रज अमदानीतल्या कागदपत्रांत गावाचे नाव ‘धोंड’ असे आढळते. परक्या कानाने स्थानिक आवाज कसा ‘स्वच्छ’ करून घेतला याचा तोही एक नमुनाच.

दौंडचा खास आवाज कोणता, असे विचारले तर माझे उत्तर आहे: इंजिन बदलण्याचा. मनमाडचा फाटा स्थानकाच्या पुण्याकडच्या बाजूने निघतो. त्यामुळे पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला येऊन तोंड फिरवावे लागे. इंजिन सुटे करायचे, ते शेजारच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे, पुन्हा जोडायचे, ब्रेकच्या नळ्या जुळवायच्या, दाब तपासायचा, आणि मग आलो त्याच दिशेने परत निघायचे. नवख्या प्रवाशाला गाडी चुकून माघारी निघाली असे वाटे. नळी सुटताना होणारा हवेचा मोठा सुस्कारा, मग इंजिनाविना उभ्या असलेल्या गाडीची चमत्कारिक शांतता, त्या शांततेत अचानक मोठ्या वाटू लागलेल्या चहावाल्यांच्या हाका, आणि शेवटी इंजिन येऊन टेकल्याचा, डब्याडब्यांतून मागे पळत गेलेला धक्का, असा तो क्रम असे. कित्येक वर्षे हजारो माणसांनी तो ऐकला. अलीकडच्या वर्षांत दौंडजवळ कॉर्ड मार्ग आणि त्यावरचे वेगळे स्थानक झाल्यापासून अनेक गाड्यांना तोंड फिरवण्याची गरज उरली नाही. प्रवाशाचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले. पण ज्या आवाजाने दौंड ओळखले जाई, त्याची वेळ भरत आली.

दुसरा आवाज डिझेल इंजिनाचा. अमेरिकन ‘अल्को’ घराण्यातले, वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेले ‘डब्ल्यूडीएम-२’ हे सोळा सिलिंडरांचे इंजिन. जागच्या जागी उभे असताना त्याची एक लंगडी, अडखळती लय असे; गाडी ओढू लागले की टर्बोची शीळ तिच्यावर चढे. पुणे-दौंड आणि दौंडच्या पुढच्या मार्गांचे गेल्या दहाएक वर्षांत विद्युतीकरण झाले, आणि ती लय या फलाटांवर दुर्मिळ झाली.

तिसरा आवाज रुळांच्या सांध्यांचा. आपल्याकडे रुळाची जुनी प्रमाण लांबी तेरा मीटर. सांध्यासांध्यावर चाके आपटत आणि त्यातून तो परिचित ठेका उमटे. हिशेबी माणसे त्यावरून वेग काढीत: सुमारे सत्तेचाळीस सेकंदांत जितके सांधे मोजाल, तितके ताशी किलोमीटर. रूळ जोडून सलग केले गेले तसा हा ठेका मुख्य मार्गांवरून निघून गेला. मराठी बालगीतांतली ‘झुकझुक’ तर त्याआधीच, वाफेच्या इंजिनाबरोबर गेली. रुंद रुळांवरची शेवटची वाफेची प्रवासी गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात धावली. त्यानंतर जन्मलेली मुले आजही गाडीला ‘झुकझुक’च म्हणतात. शब्दात आवाज उरला आहे, कानात उरलेला नाही.

हे तिन्ही आवाज हौशी सिम्युलेटरवाल्यांनी जपले आहेत का? दुसरा बऱ्याच अंशी, तिसरा थोडाफार; आणि तोही अशा काळात, जेव्हा कोणत्याही संस्थेला ते जपावेत असे वाटत नव्हते. याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण पहिला आवाज त्यांच्या संग्रहात नीट बसत नाही. कारण तो एका यंत्राचा आवाजच नव्हे. तो एका प्रसंगाचा आवाज आहे. त्यातली शांतता वगळली, चहावाला वगळला, तर उरतो तो केवळ नळी सुटल्याचा आवाज. आणि तसा आवाज कुठल्याही यार्डात मिळतो.

शिरूर

आता दौंडच्या उत्तरेला जाऊ. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांचे घोडनदी, हे पुणे-नगर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथे रेल्वे नाही. शिरूरकरांची ‘गाडी’ म्हणजे एसटी; आणि गावाचा आवाज म्हणजे महामार्गावरचे ट्रक, रांजणगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांच्या बसगाड्या, हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. लोहमार्ग जातो तो घोड नदीच्या पलीकडून, श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टी, बेलवंडी, विसापूर अशा स्थानकांवरून.

अशा गावातल्या मुलाच्या मोबाइलवर जेव्हा सिम्युलेटर येतो, तेव्हा त्यातला आवाज कोणत्याही आठवणीची नक्कल नसतो. रेल्वेशी त्याची ओळखच तेथून सुरू होते. दौंडच्या मुलाला सिम्युलेटरमध्ये जे ऐकू येत नाही ते त्याचा कान मनाने भरून काढतो. शिरूरच्या मुलाकडे भरून काढायला काही नसते. त्याला स्वच्छ आवाज मिळाला तर त्याच्या लेखी रेल्वे म्हणजे एक निर्मनुष्य यंत्र ठरते, जे ओसाड फलाटावर येते आणि शिस्तीत निघून जाते. सिम्युलेटरमधली स्थानके पाहताना होणारी अस्वस्थता मला वाटते यातूनच येते. चित्रे हुबेहूब असतात, आवाज निर्दोष असतात, आणि तरीही एखाद्या साथीनंतर गाव रिकामे पडावे तसे सारे भासते.

साहित्याने आणि चित्रपटाने रेल्वेचा आवाज वापरला तो नेमका याच्या उलट दिशेने. ‘पथेर पांचाली’ चित्रपटात (१९५५) अपू आणि दुर्गा यांना गाडी दिसण्याआधी दुर्गा तारेच्या खांबाला कान लावून त्यातली गुणगुण ऐकते. ती गुणगुण गाडीची नव्हेच. ध्वनिमुद्रण स्वच्छ करणाऱ्याने ती पहिल्या फटक्यात गाळली असती. पण ज्यांनी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी गाडी जिथून सुरू होते ती जागा तीच आहे. ‘पाकीझा’मध्ये (१९७२) दुरून येणारी इंजिनाची शिटी नायिकेच्या आयुष्यात वारंवार शिरते, ती जवळून, निर्मळ ऐकू आली असती तर तिचा अर्थच उरला नसता. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’चा (१९७६) शेवट रेल्वे स्थानकावर होतो, आणि त्या स्थानकात गाडीपेक्षा गाडीची वाट पाहणे अधिक आहे. तिन्ही ठिकाणी अर्थ निर्माण होतो तो गाडी आणि ऐकणारा यांच्यामधल्या अंतरात. स्वच्छ ध्वनिमुद्रण नेमके हे अंतर पुसून टाकते.

दोन पूर्वसूरी

हा झगडा नवा नाही. १९४८ मध्ये पिएर शेफर या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात इंजिनांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांतून एक लहानशी रचना सिद्ध केली. तबकडीवरची एक खाच स्वतःतच बंद केली की तोच तुकडा फिरत राहतो, आणि काही वेळाने ऐकणारा गाडी विसरून केवळ नाद ऐकू लागतो, हे त्याच्या लक्षात आले होते. सिम्युलेटरमधला चक्राकार तुकडा हा त्या बंद खाचेचाच वंशज म्हणावा लागेल. फरक हेतूचा आहे. शेफरला गाडी विसरायला लावायची होती, सिम्युलेटरला गाडीची आठवण द्यायची आहे. साधन मात्र विस्मरणाचे घेतलेले आहे.

दुसरे नाव पीटर हँडफर्ड याचे. ‘आउट ऑफ आफ्रिका’च्या ध्वनिमुद्रणासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या या ब्रिटिश ध्वनिमुद्रकाने १९५० च्या दशकापासून वाफेची इंजिने मरण्याआधी त्यांचे आवाज टिपण्याचा ध्यास घेतला होता. त्याच्या तबकड्यांत इंजिन एकटे नसते. रात्र असते, दूरचे यार्ड असते, गाडी येण्याआधीची आणि गेल्यानंतरची शांतता असते. गाडी डोंगराआड जाईपर्यंत ध्वनिमुद्रक चालू ठेवायचा, हा संयम त्याच्यापाशी होता. आज ती ध्वनिमुद्रणे इतिहासाचे साधन म्हणून ऐकली जातात, ती या ‘अस्वच्छते’मुळेच.

ओवी आणि जात्याची घरघर

आपल्या अभ्यासक्षेत्रात याला समांतर असे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले आहे. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून ग्रामीण महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. कागदावर उतरवलेली ओवी ही ‘स्वच्छ’ ओवी असते. तिचे वर्गीकरण करता येते, विषयवार सूची करता येते, वर्गात शिकवता येते. पुढे याच प्रकल्पात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण झाले, आणि ओवीबरोबर कागदावर न उतरणाऱ्या गोष्टी ऐकू आल्या: ओळीच्या मध्येच घेतलेला श्वास, साथीला उचललेला दुसऱ्या बाईचा आवाज, आणि जात्याची घरघर. ही घरघर गोंगाट की संहितेचा भाग? जात्याच्या फेऱ्यानेच ओवीची लय ठरते, हे ज्याने ऐकले आहे तो तिला गोंगाट म्हणणार नाही. आणि तरीही शब्द नीट कळावेत म्हणून कधी जाते थांबवून ओवी म्हणवून घ्यावी लागते, हेही खरे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत.

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्गही पुण्यातच सापडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे पाठशुद्धीचे आपल्याकडचे सर्वांत मोठे काम. वि. स. सुखठणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांनी अनेक हस्तलिखितांतून एक सिद्ध पाठ वेगळा काढला. पण गाळलेले त्यांनी फेकले नाही. पाठभेद त्याच पानावर तळाशी आले, मोठे प्रक्षेप परिशिष्टात गेले. सिद्ध पाठाशी मतभेद असणाऱ्या अभ्यासकालाही त्याच ग्रंथातून आपली सामग्री उचलता येते. शुद्ध संहिता वर आणि ‘अशुद्ध’ खाली, अशी ती मांडणी आहे. काय गाळले हे सांगितल्यामुळेच काय ठेवले यावर विश्वास बसतो.

ध्वनिमुद्रकांकडे माझे मागणे एवढेच आहे. स्वच्छ तुकडा जरूर काढा, त्यावाचून तुमची गाडी चालणार नाही. पण तो ज्या तासाभराच्या मूळ ध्वनिमुद्रणातून कापला ते पुसू नका. त्याला तारीख, वेळ, स्थानक, फलाट, इंजिनाचा वर्ग आणि हवामान यांची दोन ओळींची नोंद जोडा. जागा अपुरी पडते ही सबब आजच्या साठवणुकीच्या काळात टिकणारी नाही.

आक्षेप

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की फलाटावरच्या गोंगाटात माणसांची खासगी बोलणी असतात; ती त्यांच्या नकळत जपून ठेवणे योग्य आहे काय? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की जपून ठेवणे आणि प्रसिद्ध करणे यांत भेद करावा, आणि ओळख पटेल असे बोलणे सार्वजनिक प्रतीतून वगळावे. येथे गाळण्याला नैतिक कारण आहे, आणि ते कारण नोंदवता येते. परवानगीवाचून रुळांवर उतरू नये, हे सांगायलाच नको. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कुठलाही आवाज जिवापेक्षा मोलाचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. हे काम हौशी पोरांनी का करावे? त्यांना खेळ बनवायचा आहे, इतिहास लिहायचा नाही. हेही मान्य. पण मग ते कोणाचे काम आहे? बोलींचे नमुने मुद्रित करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. स्थलनामे, शिलालेख, वाडे यांच्या नोंदी होतात. आवाज मात्र कोणत्याच विभागाच्या वाट्याला आलेला नाही. भाषा विभागाला तो भाषा वाटत नाही, इतिहास विभागाला तो कागद वाटत नाही, संगीत विभागाला तो संगीत वाटत नाही. या तिघांच्या मध्ये जी रिकामी जागा राहिली, तेथे सिम्युलेटरवाला मुलगा ध्वनिमुद्रक घेऊन उभा आहे. त्याच्या हाती जे लागले ते त्याने जपले. जे लागले नाही त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

पुणे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, आणि दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्पांसाठी विषय शोधत असतात. त्यांतल्या काहींनी एखादे वर्ष दौंडच्या फलाटाला, यार्डातल्या निवृत्त कामगारांच्या बोलण्याला आणि शिरूरच्या एसटी स्थानकाला दिले, तर त्यातून जे जमेल ते सिम्युलेटरलाही उपयोगी पडेल आणि कादंबरी वाचणाऱ्यालाही. निवृत्त कामगार विशेष महत्त्वाचे, कारण गेलेले आवाज आता फक्त त्यांच्या वर्णनात उरले आहेत. एखादा जुना फायरमन तोंडाने इंजिनाचा आवाज काढून दाखवतो तेव्हा तो स्वच्छ नसतो, बिनचूकही नसतो. पण शेड बंद झालेल्या गावात त्या इंजिनाचा तेवढाच पाठ आज उपलब्ध आहे, आणि एकमेव हस्तलिखित खराब आहे म्हणून कोणताही संपादक ते टाकून देत नाही.